आजोबांच्या पाण्याची अगोसी

अगोसी पायाळू जन्मली. तोहोमे गावात पायाळू मुलीचं नाव अगोसीच ठेवतात, आईबापांना डोकं चालवावं लागत नाही. "ही आयुष्यभर आधी लाथ मारणार आणि मग तोंड दाखवणार," असं सुईण म्हणाली होती म्हणे. सुईण काही खोटं बोलली नाही. अगोसीने दोन नवरे सोडले आणि तिसरा मेला, तो बिचारा तिला घाबरून मेला असं गावातली टवाळ मंडळी म्हणतात, अर्थात ती जवळपास नसताना.

नऊ वर्षांची असताना तिला दांग्बेला वाहिली. दांग्बे म्हणजे अजगर, पण तोहोमेत त्याला कुणी अजगर म्हणत नाही. आजोबा म्हणतात. मादी असली तरी आजोबाच. दोन-अडीच हात लांबीचे, काळ्या अंगावर पिवळट ठिपके असलेले, घाबरले की डोकं आत घेऊन चेंडू होणारे, कुणालाही न चावणारे आजोबा. गावाच्या मध्यावर त्यांचं घर. तिथे वाहिलेल्या बायकांपैकी कुणाच्या वाट्याला नाच आला, कुणाच्या वाट्याला गाणी. अगोसीच्या वाट्याला पाणी आलं. पन्नास वर्षं ती रोज सकाळी विहिरीवरून डोक्यावर घागर घेऊन आजोबांच्या घरी जात होती, आणि वाटेत कुणी आडवं आलं तर त्याचा उद्धार करत होती.

जुनं घर मातीचं होतं, वर गवताचं छप्पर. आत जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला एक रांजण. तो पाझरायचा, त्यामुळे भोवतालची वाळू कायम ओलसर. आजोबा त्या ओलीत पडून राहायचे. त्यांचे डोळे दुधाळ निळसर झाले की अगोसी ओळखायची, कात निघायची वेळ आली. मग ती केळीची पानं भिजवून त्यांच्यावर पसरायची, आणि चार-सहा दिवसांनी कात नाकापासून शेपटीपर्यंत एकसंध निघायची, पायातला मोजा निघावा तशी. डोळ्यांवरचे दोन गोल चकचकीत तुकडेसुद्धा तिच्यातच. ते आधी बघायचे आणि मग श्वास सोडायचा, अशी तिची सवय. हे सगळं तिला कुणी शिकवलं नव्हतं. पन्नास वर्षं एकाच जिवाकडे बघितलं की दगडालाही कळतं, असं ती म्हणायची. आणि ज्यांना कळायचं नाही त्यांना ती दगडाखालचे म्हणायची.

दोन वर्षांपूर्वी नवं घर झालं. कोतोनू शहराच्या बाजारात कापडाचा मोठा व्यापार करणाऱ्या मादाम आलुग्बा याच गावच्या. त्यांना आजोबा पावले, म्हणून त्यांनी घर बांधून दिलं. सिमेंटच्या भिंती, पत्र्याचं छप्पर, लोखंडी दार, खाली आरशासारख्या फरश्या. नाकापेक्षा मोती जड. रांजण काढून टाकला, कारण फरशी बसत नव्हती. त्याच्या जागी तिवईवर स्टीलचं मोठं वाडगं आलं. पूर्वी आजोबा हवं तेव्हा बाहेर पडत. आता त्यांना बाहेर सोडायला आठवड्यातून एकदाच दार उघडायचं ठरलं. तिथला पुजारी दोसू, अगोसीच्या मेलेल्या बहिणीचा मुलगा. तो म्हणाला, "मावशी, आता नळ आलाय. वाडगं आम्ही भरू. पन्नास वर्षं वाहिलंस, बस आता जरा."

अगोसी बसली. बसणं तिला मानवलं नाही. ती मासे धुरावर सुकवायची, बाजारात विकायची आणि गिऱ्हाइकांशी भांडायची. पण सकाळी डोकं हलकं लागायचं.

या जानेवारीत उत्तरेचा कोरडा वारा आला तो काही औरच होता. ओठ फाटले, दारं आक्रसली, टाचांच्या भेगांत बोट जाईल. दुपारी नव्या घराचा पत्रा तापायचा आणि आत भट्टी व्हायची. आजोबांचा उत्सव दहा तारखेला. त्याच्या आठवडाभर आधी एक आजोबा गेले.

त्यांना पांढऱ्या कापडात गुंडाळलं, ढोल वाजले, खड्डा खणला, माणसाचं करतात तसं सगळं केलं. खड्ड्यावर पाच बाटल्या दारू ओतली. कापड गुंडाळायला अगोसीला बोलावलं होतं. तिने आजोबांच्या पाठीची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. चिमटीची घडी तशीच उभी राहिली.

"दोसू, हे तहानेनं गेलेत."

"वय झालं होतं गं मावशी."

"वय? चार पावसाळ्यांपूर्वी माझ्यासमोर अंड्यातनं निघालेलं पोर हे! वय तुझं झालंय, डोळ्यांनी दिसत नाही ते!"

"मावशी, लोक आहेत."

"लोक आहेत म्हणूनच बोलते! मेल्यावर पाच बाटल्या, आणि जिवंतपणी घोटभर पाणी नाही!"

लोकांनी मान खाली घातली. अगोसीचं कुणी मनावर घेत नसे, पण ऐकून सगळे घेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या स्वयंपाकघरात, पाण्याच्या मातीच्या माठाला वेटोळं घालून, एक आजोबा बसलेले. शेपटीचं टोक तुटलेलं. मोटारसायकलखाली आली होती ती शेपटी, अगोसीनेच हळद-पाला बांधून ती बरी केली होती. हे नव्या घराच्या मोरीच्या भोकातून निसटून आले असणार. रीत अशी की घरी आलेल्या आजोबांना "या" म्हणायचं, दोन्ही हातांवर उचलायचं आणि त्यांच्या घरी पोचवायचं. तिने पोचवलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा हजर, पुन्हा माठाला मिठी. शेजारीण हात जोडून म्हणाली, "अगोसी, तुझं भाग्य उघडलं!"

"भाग्य डोंबलाचं! नाच-गाणं करणारीच्या घरी का नाही गेले? माठ कुठाय हे बघून आलेत ते!"

मग तिने आजोबांना उजेडात नीट पाहिलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कात जागोजागी चिकटून फाटली होती, भिंतीवरच्या जुन्या रंगाच्या पापुद्र्यांसारखी. दोन्ही डोळ्यांवर जुनी कात तशीच बसलेली, मळकी, आत चेपलेली. ओठांच्या कडेला चिकट लाळ. जिथे ते बसले होते तिथे विष्ठेचा पांढरा भाग पिवळा पडून खडूसारखा टणक झाला होता. ओला असायला हवा होता तो.

आजोबांना परत नेलं नाही तिने. तोहोमेत हे कुणी करत नाही. आजोबांना घरात ठेवून घेणं म्हणजे देव कोंडणं. अगोसीने परातीत पाणी ओतलं, उन्हात ठेवून कोमट केलं आणि आजोबांना त्यात सोडलं, पाणी पोटाला लागेल पण पाठीवर येणार नाही इतकंच. आजोबांनी ओठ पाण्याला टेकवले. गळा हलायला लागला. हलतच राहिला. अगोसी समोर उकिडवी बसून बघत होती आणि तोंडाने अखंड शिव्या देत होती, दोसूला, पत्र्याला, फरशीला, मादाम आलुग्बाला. तिचे डोळे वाहत होते ते तिला कळलं नाही.

मग तिने फुटका माठ आडवा केला, आत भिजवलेलं पोतं घातलं, पिळून, नुसतं ओलं, आणि आजोबांना आत ठेवलं. डोळ्यांना हात लावला नाही. डोळ्यावरची कात ओढली तर डोळाच निघून येतो. ती आपली आपण सुटावी लागते. सुटली नाही तर आजोबा आंधळे, आणि आंधळे झाले तर संपलेच. रोज दोनदा परात, दिवसभर ओलं पोतं. उत्सवाला तीन दिवस राहिले होते.

दोसू दुपारी आला.

"मावशी, आजोबा दे."

"नाही."

"दहा तारखेला मादाम यांनाच गळ्यात घालणार आहेत! उद्घाटनाच्या दिवशी हेच त्यांच्याकडे सरपटत गेले होते. सगळ्या गावाला माहितीय!"

"मग मादामला सांग, त्यांनी इथे यावं आणि परातीत बसावं."

"तू देव कोंडलायस! लोक मला विचारतायत!"

"आणि तू देव वाळवलायस! तुला कुणी नाही विचारत?"

दोसूचा आवाज चढला. "पाणी आहे तिथे! वाडगं रोज भरलेलं असतं, काठोकाठ! एक दिवस रिकामं दाखव, मी पुजारीपण सोडतो! चल, आत्ता चल!"

"चल!"

दोघं तरातरा निघाले. वाटेत कुणी आडवं आलं नाही.

वाडगं खरंच भरलेलं होतं. दोसूने छाती पुढे काढली. अगोसी वाकली आणि तिने नाक पाण्यावर नेलं.

दारू. ताडाची दारू, परदेशी दारू, त्यात अत्तर, त्यात पावडर. वर तेलासारखा तवंग.

"हे काय आहे?"

"नैवेद्य," दोसू म्हणाला. "लोक आजोबांना पाजतात. पूर्वी उंबऱ्यापाशी मातीत ओतायचे. आता माती कुठाय? फरशीवर ओतलं की पसरतं, लोक घसरतात, वास येतो. म्हणून मीच सांगितलं, वाडग्यात ओता म्हणून. आजोबांनाच तर पोचतं."

अगोसीने मान वर केली. वाडग्याच्या वरच भिंतीवर निळ्या रंगात, मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: आजोबांपुढे रिकाम्या हाताने येऊ नका. हे वाक्य अगोसीचं. तीस वर्षं ती दारात उभी राहून हेच ओरडत आली होती, हात हलवत येणाऱ्यांच्या अंगावर. लहानपणी ते ऐकून ऐकून दोसूने पुढे भिंतीवर लिहून घेतलं. आणि उद्घाटनाच्या दिवशी या वाडग्यात पहिली बाटली ओतण्याचा मान कुणाला मिळाला होता? नवं लुगडं नेसून, ताठ मानेने, सगळ्या गावादेखत कुणी ओतली होती?

ती काही न बोलता घरी गेली. दोसूला तिची सगळी भांडणं पाठ होती, पण हे न बोलणं त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं. तो घाबरला.

तिच्या मनात नुसता जाळ होता आणि या वेळी तो फेकायला दुसरं अंगण नव्हतं. देवाला तहान लागते हे तिला पन्नास वर्षं माहीत होतं. आणि बाटली हातात आली तेव्हा तीच विसरली.

दहा तारखेला सकाळी तिने ओलं पोतं उचललं. आजोबांची उरलेली कात त्याला चिकटून निघाली होती. तिने ती हलक्या हाताने उलगडली. डोक्याच्या भागात दोन गोल चकचकीत तुकडे होते. दोन्ही. माठातून आजोबा तिच्याकडे बघत होते, काळ्या स्वच्छ डोळ्यांनी, आणि जीभ बाहेर काढत होते.

अगोसीने आजोबांना गळ्यात घातलं, डोक्यावर पाण्याची घागर घेतली आणि हातात मका कांडायचं मुसळ.

आजोबांच्या घरी गर्दी दाटली होती. मादाम आलुग्बा पांढऱ्या कपड्यांत वाडग्यासमोर उभ्या होत्या, बाटलीचं झाकण उघडलेलं. अगोसी शिरली. तिने घागर खाली ठेवली, उंबऱ्याजवळच्या फरशीवर मुसळ उचललं आणि हाणलं.

"अगं बाई!" मादाम किंचाळल्या. "इटलीहून आणल्यात त्या फरश्या!"

"मग इटलीला पाजा!" अगोसी म्हणाली आणि दुसऱ्यांदा हाणलं. फरशी फुटली. तिसऱ्यांदा सिमेंट फुटलं आणि खाली लाल माती दिसली. "इथे ओता. दारू मातीची आहे, माती पिते. आजोबा पीत नाहीत. माझ्याच हातानं मी पहिली बाटली वाडग्यात ओतली, त्याची शिक्षा मला करा, पण आधी इथे ओता!"

कुणी हललं नाही. मादाम दोसूकडे बघत होत्या, सगळं गाव दोसूकडे बघत होतं. दोसूने ओठ चावले. मग म्हणाला, "मावशी, भोक लहान झालंय. अजून एक हाण."

तिने हाणलं. मग वाडगं उचलून त्या भोकात रिकामं केलं, राखेने घासलं, तीनदा धुतलं, तिवई लाथेने बाजूला सारली, वाडगं जमिनीवर ठेवलं आणि घागरीतलं पाणी ओतलं. गळ्यातल्या आजोबांना कडेशी सोडलं. ते प्यायला लागले.

भिंतीकडेचे दुसरे आजोबा निघाले. मग कोपऱ्यातले. फळीखालून दोघे. एवढ्या माणसांच्या पायांमधून, ढोलांना न भिता, एकामागून एक आजोबा वाडग्याकडे सरपटत आले, कुणाच्या पाठीवर कातीची लक्तरं, कुणाचे डोळे मळके, आणि एकमेकांच्या अंगावर चढून त्यांनी ओठ पाण्याला टेकवले. ढोल आपोआप थांबले. मादाम आलुग्बांच्या हातातली बाटली खाली आली. इतक्या वर्षांत त्या गावाने आजोबांना पाणी पिताना बघितलंच नव्हतं.

एक आले नाहीत. अगोसी ओंजळीत पाणी घेऊन पत्र्याखालच्या कोपऱ्यात गेली, वाकली, आणि तशीच वाकलेली राहिली. ओंजळीतलं पाणी बोटांतून गळून गेलं.

दोसूने पांढरं कापड आणवलं. मागच्या अंगणात खड्डा खणला. नेहमीप्रमाणे कुणीतरी बाटली पुढे केली, तेव्हा दोसूने ती हाताने अडवली आणि मावशीकडे बघितलं.

"काय ओतू?"

"पाणी ओत," अगोसी म्हणाली. "रोज ओतायचं होतं, ते आज ओत."

त्याने ओतलं. कोरड्या मातीने ते क्षणात पिऊन टाकलं. अगोसी प्रार्थनेला थांबली नाही. रिकामी घागर उचलून ती विहिरीकडे निघाली, कारण आत वाडगं एव्हाना तळाला गेलं होतं.