नववी वाटी

आधीच सांगून टाकतो, मी खानसामा माणूस. चुलीपुढं उभं राहून आयुष्य गेलं. भूत-बित, चकवा वगैरे कोणी सांगायला लागलं, की मी त्याला चहा पाजून वाटेला लावत असे. माझं डोकं आजही ठिकाणावर आहे... तरी हे एक मला उलगडलेलं नाही.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. मूल गावाहून चांद्याकडे – तेव्हा चंद्रपूरला चांदाच म्हणत – जाताना जंगलाच्या कडेला एक हॉटेल होतं. इंग्रजांनी शिकारीला येणाऱ्यांसाठी बांधलेलं. सागवानी जेवणघर, दहा खुर्च्यांचं टेबल, चांदीचे काटे-चमचे. वीज मात्र नाही. टेबलावर मेणबत्त्या, कोपऱ्यात पेट्रोमॅक्स. साहेब गेल्यावर नागपूरच्या एका शेठनं ते घेतलं. मी नागभीडचा, तिथं तीन महिन्यांच्या बोलीवर लागलो होतो. घरी बायकोला सातवा महिना.

त्या दिवशी परदेशातले आठ पाहुणे जेवायला होते. शेठ सकाळीच म्हणाला, "त्यांच्यातल्या मॅडमला मँगो फूल पाहिजे. आजचं जेवण जमलं तर तू पक्का. नाई तर गाठोडं बांध."

मँगो फूल म्हणजे उकडलेल्या कैरीचा गर, साखर आणि घट्ट मलई. पण चैत्र नुकता लागलेला, मूलच्या बाजारात कैरी नव्हती. हॉटेलच्या मागं रानात आंबा होता, त्याला चांगल्या कैऱ्या धरलेल्या होत्या. भर दुपारी सगळे आडवे झालेले असताना मी एकटाच गेलो आणि तोडून आणल्या.

संध्याकाळी लालसूभाऊनं पातेल्यात डोकावलं. लालसूभाऊ म्हणजे आमचा जुना बेअरा, जवळच्या गोंड वस्तीतला, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठा. साहेबी पद्धतीनं वाढणारा तेवढा एकच.

"भाऊ, ही कैरी कुठची होय?"

"काऊन?"

"आमचा पंडुमचा सण व्हायचा आहे अजून. आधी देवाले, मंग आमाले. तोवर इथल्या रानातली कैरी आमी तोडत नाई, खात नाई, कोणाले वाढतही नाई. मले नेता येनार नाई."

तो अडला तर वाढणार कोण? मी बेधडक म्हणालो, "नागपूरहून आली ना गाडीनं. तुमच्या रानाची नोहे."

"मंग काही हरकत नाई," तो म्हणाला. लगेच विश्वास ठेवला बिचाऱ्यानं.

सूप गेलं, मासे गेले, भाजलेली कोंबडी गेली. सगळी आठ-आठ ताटं. आता फूल भरायचं म्हणून मी दाराच्या काचेतून सहज नजर टाकली... तर टेबलाशी नऊ माणसं! टोकाच्या खुर्चीत एक म्हातारा. उघडं अंग, डोक्याला पांढरं फडकं, पुढ्यात ताट नाही. माझं टाळकंच सरकलं. शेठनं ऐनवेळी कोणी गोंड जमीनदार आणून बसवला असणार, आणि मला पत्ता नाही! पातेलं खरवडून नववी वाटी भरली. लालसूभाऊनंही काचेतून पाहिलं आणि ट्रे उचलला.

थोड्या वेळानं वाट्या परत आल्या. आठ चाटूनपुसून. नववीला चमचाही लागला नव्हता.

मागोमाग शेठ आला, खूश होऊन. "जमलं रे! उद्यापासून पक्का. पन रिकाम्या खुर्चीपुढं वाटी काऊन ठेवली? मॅडम हसून राह्यली होती."

"तो म्हातारा..."

"कोनता म्हातारा? आठच तर होते."

मी मागच्या पायरीवर गेलो. लालसूभाऊ कोट काढून बसला होता.

"लालसूभाऊ, तो कोण होता?"

"मले काय ठाऊक. आमच्या वस्तीचा नोहे. गोंडीत बोलला. पुसलं त्यानं, कैरी कुठची. मी म्हटलं, नागपूरची. तर म्हने, नाई. मांगच्या झाडाची होय. खालच्या फांदीच्या, अकरा." मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "खरं होय का, भाऊ?"

अकराच होत्या. धुताना मी मोजल्या होत्या, आणि साली दुपारीच चुलीत घातल्या होत्या. पुन्हा खोटं बोलायला जीभ वळली नाही.

"खरं होय," मी म्हणालो.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. "माह्या हातानं वाढाले लावलंस तू," एवढंच बोलला, कोटाची घडी माझ्या हातात दिली आणि वस्तीच्या वाटेला लागला. तिसऱ्या दिवशी मी माफी मागायला गेलो. दारात उभा राहिलो, पण तो बाहेर आला नाही. हॉटेलातही परत आला नाही.

लोक म्हणतात, मेणबत्त्यांच्या उजेडात भास झाला असेल. असेल बुवा. दोघांना एकच भास? आणि झाडाशी तर मी एकटा होतो. तो म्हातारा कोण, हे मला आजही सांगता येत नाही. पण मी ती नोकरी पुढं नऊ वर्षं केली, दर चैत्रात तेच फूल करून वाढलं, आणि पक्का खानसामा म्हणून मिरवलो. त्याची मात्र आजही लाज वाटते.