कामाकुरातली निळ्या फुलांची टेकडी

जपानला गेलो तेव्हा देवाशी माझं बोलणं बंद होतं. माझी एकुलती एक लेक तिकडे नोकरीला आहे, जावईही तिकडेच नोकरी करतो. सातव्या महिन्यात तिचं बाळ पोटातच गेलं. तिला दिवस गेल्याचं कळलं तेव्हापासून मी दर सोमवारी संभाजीनगरहून एसटीनं वेरूळला जात होतो, घृष्णेश्वरापुढे उभा राहत होतो. याच देवानं घुष्मेला तिचं गेलेलं लेकरू परत दिलं, ही कथा आमच्या गावी, देवगाव रंगारीला, घरात सगळ्यांना पाठ. मग माझ्या लेकीच्या वेळी तो कुठं गेला होता? माझी बायको जाऊन बरीच वर्षं झाली. ती असती तर तिनं पोरीला नुसतं कुशीत घेतलं असतं. मला, बापाला, काय बोलावं तेच सुचेना. तरी गेलो.

तिच्या घरात सगळं टापटीप होतं आणि कोणी बोलत नव्हतं. लेक सकाळी ऑफिसला जायची, संध्याकाळी येऊन मी केलेलं पिठलं निमूट खायची. रडत मात्र नव्हती, आणि त्याचीच मला धास्ती वाटायची. जावई भला माणूस. सुट्टीला आम्हा दोघांना तो फुलं दाखवायला न्यायचा. तिकडे एकेका फुलाचा हंगाम असतो आणि त्यासाठी माणसं लांबून येतात. पाण्यात उभी असलेली जांभळी आयरिस पाहिली, कुठल्याशा देवस्थानाचा उत्सव पाहिला. माझे गुडघे भरून यायचे. हात जोडावेत असं कुठंच वाटलं नाही. लेकही फुलांकडे बघत नसायची, पुढच्या माणसाच्या पाठीकडे बघत चालायची.

अशाच एका रविवारी आम्ही कामाकुरा या गावी गेलो. तिथं हायड्रेंजिया नावाच्या फुलांचा बहर होता. निघालो होतो एका बागेत, पण वाटेत रस्ता अडवलेला. तिथल्या देवाची पालखी निघाली होती. आखूड अंगरख्यातले गडी खांद्यावर पालखी घेऊन ती हिंदकळवत, ओरडत चालले होते. बंदोबस्ताच्या माणसानं वाकून नमस्कार केला आणि आम्हाला दुसऱ्या गल्लीत वळवलं. ती गल्ली एका टेकडीवरच्या बौद्ध मंदिरात निघाली. सगळी टेकडी निळ्या फुलांच्या गेंदांनी भरलेली. वर जायला रांग होती. जावई रांगेत थांबला, मी कडेच्या बाकावर बसलो.

शेजारी पाहिलं तर दगडी मूर्ती. वीतभर उंचीच्या, रांगाच्या रांगा, कित्येकींच्या गळ्यात तान्ह्या बाळाला बांधतात तशी लाल लाळेरी.

"हे गं काय?" मी विचारलं.

लेकीनं मान फिरवली. मग म्हणाली, "न जन्मलेल्या लेकरांसाठी आहे, अण्णा. मला इथं यायचंच नव्हतं."

मी उठायला लागलो. तेवढ्यात तिथं एका मूर्तीवर पळीनं पाणी घालून ती टॉवेलनं टिपत असलेली एक म्हातारी मान वर करून माझ्या लेकीकडे बघू लागली. बराच वेळ बघत राहिली. मग हळू आवाजात काहीतरी विचारलं. लेकीनं एका शब्दात उत्तर दिलं. म्हातारीनं तो शब्द दोनदा म्हणून पाहिला, नीट जमेपर्यंत, आणि पाण्याची पळी तिच्या हातात दिली.

लेकीनं पाणी घातलं. मग ती खाली बसली आणि अशी रडली, की रांगेतला जावई धावत आला. म्हातारी तिच्याजवळ बसली. तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, पार ती शांत होईपर्यंत. नंतर जावयानं तिला पाणी पाजलं, तोंड पुसलं. आभार मानायला वळलो तर म्हातारी गर्दीत दिसेना.

"काय विचारलं गं त्यांनी?"

"बाळाचं नाव काय, म्हणाल्या." तिनं नाक पुसलं. "ओवी. मुलगी होती, अण्णा. आम्ही नाव ठेवलं होतं. कोणी विचारलंच नाय."

खरंच, आमच्यापैकी कुणाच्याही तोंडून तो प्रश्न निघाला नव्हता. मी चप्पल काढली आणि तिथंच, त्या परक्या देवापुढे डोकं टेकलं.

पालखीनं वाट अडवली नसती तर आम्ही बागेत गेलो असतो. यात कुणाचा हात होता, हे मी कुणाला पटवायला जात नाही. परतीच्या गाडीत लेक माझ्या खांद्यावर मान टाकून झोपली. तिनं पोटात काय काय ठेवलं होतं ते पुढच्या दिवसांत ती थोडं थोडं सांगत गेली, आणि मी ऐकत राहिलो.

आता संभाजीनगरला परत आलोय. तिच्या पदरात पुन्हा मूल पडेल की नाही, ठाऊक नाही. शीण अजून अंगातून गेलेला नाही. पण सकाळी दिवा लावताना पूर्वी मागण्यांची रांग असायची, ती राहिली नाही. सगळ्यांची नावं घेतो, त्यात ओवीचंही घेतो, म्हणतो, ही तुझ्याकडं आहे, सांभाळ. आणि चहा ठेवायला उठतो.