बारावी प्रत

कुलगुरूंच्या खोलीचं कुलूप काढण्याआधी मावशी दारावर दोनदा टकटक करायच्या. आत कोणी नसायचं. आदल्या संध्याकाळी खिडक्या लावून, पंखा बंद करून त्याच शेवटी बाहेर पडलेल्या असायच्या, आणि किल्लीही त्यांच्याच हातात. तरी रोज सकाळी नऊला दहा मिनिटं कमी असताना दोन टकटक, क्षणभर थांबणं, मग किल्ली.

कुलगुरूंचे पीए एकदा म्हणाले, "मावशी, एखाद्या दिवशी आतून कोणी 'या' म्हणालं तर काय कराल?"

"तुम्हाला पुढे घालीन," मावशी म्हणाल्या.

त्या विद्यापीठात शिपाई होत्या. त्यांचा नवरा तिथल्याच ग्रंथालयात बाइंडर होता. तो गेल्यावर त्याच्या जागी त्यांना घेतलं, त्यालाही चोवीस वर्षं झाली होती. नवरा होता तेव्हा चुकीची छापलेली, कापताना उरलेली पानं तो फळ्यांवर अंथरायला घरी आणायचा. मावशी सातवी शिकलेल्या. डबे पुसता पुसता त्या फळीवरची पानं वाचायच्या. कुठलंही पान धड सुरू व्हायचं नाही की धड संपायचं नाही. एखाद्या पानावर कोणीतरी जहाजात चढायचं आणि पान तिथेच तुटायचं. मग भांडी घासताना त्या माणसाला पलीकडच्या किनाऱ्यावर उतरवायचं काम मावशींचं. वाचलेल्याला आपल्या पदरची ओळ जोडायची सवय त्यांना तेव्हापासूनची.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत सुनेचं शिलाई मशीन आणि शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे, मागच्या खोलीत स्वयंपाक आणि मावशींची खाट. मुलगा मालाची गाडी चालवायचा, चार दिवस बाहेर, दोन दिवस घरी. सासू-सुनेचं अजिबात पटत नाही असं दोघीही मोठ्या आवडीने सांगायच्या आणि बाजारात मात्र एकीला सोडून दुसरी जायची नाही.

कुलगुरू दर सोमवारी विद्यापीठाला एक पत्र पाठवायचे. आठवड्यात काय घडलं, कुठल्या विभागाला काय मान मिळाला, कोणाशी करार झाला, पुढे काय करायचं आहे. सगळ्यांना ते संगणकावर जायचं, आणि अकरा फलकांसाठी छापील प्रती निघायच्या. त्या चिकटवायचं काम मावशींचं. म्हणून विद्यार्थी त्यांना बोर्डमावशी म्हणायचे. पीए मात्र न चुकता बारा प्रती काढायचे, एखादी फाटली तर असावी म्हणून. मावशींच्या हातून कधी फाटली नाही. बारावी प्रत घडी करून त्या साडेदहाला नर्सरीत न्यायच्या.

नर्सरी म्हणजे विद्यापीठाची रोपं वाढवायची जागा. मुख्य इमारतीच्या मागे, पत्र्याच्या शेडला लागून. साडेदहाच्या चहाला तिथे माळीकाम करणारे, झाडलोट करणाऱ्या, उपाहारगृहात भांडी घासणाऱ्या अशी पंधरा-वीस माणसं जमायची. पालथ्या बादल्या हीच खुर्च्या. यातल्या कोणाला संगणकावर पत्र येत नव्हतं, आणि फलकासमोर उभं राहून वाचण्याइतकं बहुतेकांना येत नव्हतं. मावशी उभ्याने वाचायच्या, पहिल्या अक्षरापासून सहीपर्यंत.

एका सोमवारी पत्राचा शेवट होता, 'आपण सारे एक कुटुंब आहोत.' भांडी घासणारी काकी चहाचा कप खाली ठेवत म्हणाली, "कुटुंब म्हणे. माझा हात उकळत्या पाण्याने पोळला, पंधरा दिवस घरी होते. कुटुंबातलं कोणी आलं नाही ते बघायला."

सगळे हसले. मावशींनी कागदावरची नजर वर केली नाही. "थांब, अजून आहे," त्या म्हणाल्या आणि पुढे वाचलं, "उपाहारगृहातील आपल्या भगिनी हाताची दुखापत बरी होऊन आज कामावर परतल्या आहेत. त्यांचे स्वागत."

काकीने कप पुन्हा उचलला. मग म्हणाली, "असं लिहिलंय?"

"मग मी काय मनचं सांगते?"

मनचंच सांगत होत्या. त्या दिवसापासून दर सोमवारी पत्राच्या शेवटी दोन-तीन ओळी वाढल्या. कोणाची मुलगी परिचारिकेच्या परीक्षेत पास झाली, कोणाला कामावर लागून वीस वर्षं झाली, कोणाची आई गेली. मावशींनी स्वतःला एक नियम घालून घेतला होता. जे खरंच घडलंय तेच वाचायचं. कुलगुरूंच्या तोंडून कसलं आश्वासन द्यायचं नाही. बातमी आपली, शब्द त्यांच्यासारखे. दोन वर्षं हा नियम पाळला गेला.

मग नर्सरीच्या जमिनीवर चुन्याच्या रेघा पडल्या. तिथे गाड्या लावायची जागा होणार होती.

माळीबुवा त्या नर्सरीत एकतीस वर्षं होते. विद्यापीठातलं जवळजवळ प्रत्येक झाड त्यांच्या हातून पिशवीतून जमिनीत गेलेलं. माणूस मुळातच कमी बोलणारा, त्या रेघांनंतर पार मुका झाला. बिया भिजवायचे दिवस होते, त्यांनी भिजवल्या नाहीत. चहा समोर यायचा, साय धरायचा, तसाच परत जायचा. गडीमाणसं आपसात बोलायची, "बुवांनी मनाला लावून घेतलंय. दोन वर्षं राहिली नोकरीची, ती निघतील का शंका आहे."

त्या सोमवारी मावशींनी पत्र वाचून संपवलं. नर्सरीचा त्यात उल्लेखही नव्हता. कोणी उठेना. बुवा बादलीवर बसून त्या रेघांकडे बघत होते. मावशींनी कागद पुन्हा डोळ्यांसमोर धरला.

"नर्सरीबाबत कोणताही निर्णय माळीबुवांना विचारल्याशिवाय घेतला जाणार नाही."

बुवांनी मान वळवली. "परत वाचा."

मावशींना तेच वाक्य, तेच शब्द, पुन्हा म्हणावे लागले. बुवांनी चहा घेतला.

घरी गेल्यावर सुनेला त्या म्हणाल्या, "आज मी शेण खाल्लं."

सगळं ऐकून सून मशीन थांबवून म्हणाली, "तुम्हाला घरातली दुधाची चिठ्ठी नीट लिहिता येत नाही, आणि कुलगुरूंचं पत्र लिहायला निघालात."

मंगळवारी बुवांनी शेड झाडली. बुधवारी कुठून तरी एक पाठ असलेली खुर्ची मिळवली, पुसली आणि सावलीत मांडून ठेवली. गुरुवारी ती खुर्ची उन्हाप्रमाणे सरकत राहिली. मावशी खिडकीतून बघत होत्या. कुलगुरू विचारायला येणार होते ना.

शुक्रवारी बुवा स्वतःच आले. धुतलेला सदरा, नखांतली माती खरवडून काढलेली. वहाणा जिन्याखाली काढून आले होते. मावशी दाराशी स्टुलावर.

"म्हटलं, सरांना सवड नसेल. आपणच जावं."

'साहेब मीटिंगमध्ये आहेत' हे वाक्य मावशी दिवसातून वीस वेळा म्हणायच्या. बुवांनाही म्हटलं असतं तर ते मुकाट्याने परतले असते. सोमवारी खोदकाम सुरू झालं असतं आणि दोष कुलगुरूंच्या माथी गेला असता. मावशींची नोकरी शाबूत. त्या उठल्या, स्टूल बुवांकडे सरकवलं, "बसा" म्हणाल्या आणि आत गेल्या.

आत कुलगुरू कागद वाचत होते, पीए शेजारी उभे.

"सर, तुमच्या पत्रात मी एक ओळ घातलीय."

"कुठल्या पत्रात?"

"सोमवारच्या. छापलेल्यात नाही, वाचलेल्यात."

आधी त्यांना कळेना. मग मावशींनी सगळं सांगितलं. काकीचा हात, बारावी प्रत, दोन वर्षं, आणि ते एक वाक्य. पीए म्हणाले, "सर, हे थेट शिस्तभंगात बसतं."

कुलगुरूंनी चष्मा काढला. "तिथे माझं पत्र पूर्ण वाचतात?"

"पूर्ण. आधी तुमचं, मग माझं."

"आणि सगळे बसून ऐकतात? करार, मानांकन, ते सगळं?"

"शेवटी आपलं काहीतरी येणार म्हणून बसतात, सर."

कुलगुरूंना हसू आलं की खोकला, ते पीएंना नीट समजलं नाही. रविवारची दुपार मोडून ते स्वतः ते पत्र लिहीत. प्राध्यापकांपैकी किती जण ते उघडतात याचा आकडा संगणक त्यांना दाखवायचा आणि तो आकडा ते कोणाला सांगत नसत.

"बाहेर कोण आहे?"

"माळीबुवा. तुम्ही विचारायला याल म्हणून दोन दिवस खुर्ची मांडून बसले होते."

"मावशी, सही झाली आहे. ती जागा आता बदलणार नाही."

"ते ठाऊक आहे. जागा मागायला नाही आले मी. खोटं मी बोलले, त्याचं काय ते माझ्याकडे बघा. पण त्यांना दारातून परत पाठवायला मला सांगू नका. नाही म्हणायचं तर तुम्हीच म्हणा, समोर बसवून."

बुवा आत आले. खुर्चीच्या काठावर बसले. नर्सरी जाणार हे कुलगुरूंनी त्यांना सरळ सांगितलं, आडपडदा ठेवला नाही. बुवांनी ऐकून घेतलं.

"मग झाडं?" त्यांनी विचारलं.

कुलगुरूंनी पीएंकडे पाहिलं. पीएंनी कागद चाळले. कंत्राटात 'जागा मोकळी करणे' एवढंच लिहिलं होतं. चार हजार रोपांचं काय करायचं, हे लिहायचं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"कुठे न्यावीत, बुवा?" कुलगुरू म्हणाले.

बुवांचं उत्तर तयार होतं. जुन्या वसतिगृहामागे, पाण्याच्या टाकीपाशी. सकाळी ऊन, दुपारी भिंतीची सावली, पाणी हाताशी. जमीन मात्र दगडाळ आहे, आधी मातीच्या आठ गाड्या टाकाव्या लागतील. आणि नऊ दिवस हवेत, त्याआधी कोणी कुदळ मारायची नाही.

"नऊ दिवस," कुलगुरू पीएंना म्हणाले. पीएंनी लिहून घेतलं.

मावशी जिन्याखालपर्यंत सोडायला आल्या, तिथे बुवा थांबले. "ती ओळ तुमची होती ना?"

मावशींना खोटं बोलायचा आता कंटाळा आला होता. "हो. कसं कळलं?"

"मला वाचता येत नाही, पण वाचणाऱ्याकडे बघता येतं. छापलेलं वाचता तेव्हा तुमची नजर इकडून तिकडे जाते. त्या ओळीला ती एका जागी खिळली होती."

"मग माहीत असून आलात कशाला?"

"ओळ चांगली होती," बुवा वहाणा पायात सरकवत म्हणाले. "म्हटलं, विचारून तर बघू, खरी होते का."

नऊ दिवस रोपं हलत होती. झाडलोटवाल्या, भांडीवाल्या, वसतिगृहातली पोरं, ज्याला जमेल तो दोन्ही हातांत पिशव्या धरून जायचा. कुलगुरूही एकदा आले आणि नेमके वाटेच्या मधोमध उभे राहिले. शेवटी काकी म्हणाली, "सर, जरा कडेला व्हा, नाहीतर एक पिशवी तरी घ्या." त्यांनी पिशवी घेतली. रोपांपैकी दोनशेच्या आसपास दगावली. बुवा त्यांचा हिशेब बोलायचे नाहीत, पण रिकाम्या पिशव्या त्यांनी वेगळ्या घड्या करून ठेवल्या.

मावशींना मेमो मिळाला. छापील मजकुराव्यतिरिक्त काहीही वाचू नये. त्यांनी तो वाचून सही केली आणि टाकीपाशी, नव्या जागेत, तीन सोमवार जेवढं छापलंय तेवढंच वाचलं. पहिल्या सोमवारी सगळे बसले. दुसऱ्या सोमवारी करारापाशी निम्मे उठले. तिसऱ्या सोमवारी काकीने बादली सुलटी करून त्यात कप भरले, आणि मावशी बुवांसमोर एकट्याच वाचत राहिल्या.

त्याच आठवड्यात शनिवारी कुलगुरूंनी त्यांना आत बोलावलं. "तुमच्याकडे काय काय आहे या आठवड्यात?" मावशींनी उभ्या उभ्या सांगितलं, त्यांनी टिपून घेतलं. सोमवारी पत्राच्या शेवटी एक नवा परिच्छेद होता. 'उद्यान विभागातील ज्येष्ठ कर्मचाऱ्यांच्या प्रकृतीत समाधानकारक सुधारणा होत असल्याचे नमूद करण्यास आनंद होत आहे.'

"हे कोणाबद्दल?" काकीने विचारलं.

"बुवांच्या गुडघ्याबद्दल."

"गुडघ्याला एवढं मोठं वाक्य?"

बुवा पाय लांब करून गुडघ्याकडे बघत म्हणाले, "मलाही नवीनच वाटतोय आता."

तेव्हापासून मावशी छापलेलं आधी जसंच्या तसं वाचायच्या आणि मग त्याचा अर्थ सांगायच्या. अर्थ सांगू नये असं मेमोत कुठे लिहिलं नव्हतं. अर्थाला मूळ मजकुरापेक्षा जास्त वेळ लागायचा. बुवा निवृत्त झाले, तरी सोमवारी साडेदहाला येऊन बसायचे.

असं आणखी तीन वर्षं चाललं. शेवटच्या सोमवारी पत्र लांबलचक होतं, दोन्ही बाजूंनी छापलेलं. मावशींना सकाळपासून दम लागत होता. उभ्याने वाचता वाचता त्या बादलीवर बसल्या, तसं त्या कधी करायच्या नाहीत. कागदाची एक बाजू संपली. दुपारी त्या घरी जाऊन मागच्या खोलीत खाटेवर पडल्या. पुढे मशीन चालू होतं. चार वाजता सून उठवायला गेली तेव्हा त्या उठल्या नाहीत.

त्या सकाळी नर्सरीतून निघताना त्यांनी पत्राची घडी घातली होती. आपलं काही आहे का, असं काकीने विचारलं होतं, तेव्हा त्या म्हणाल्या, "आपलं मागच्या बाजूला आहे, ते उद्या वाचते. ऊन चढलं, आधी रोपांना पाणी घाला."