ओढ्यापलीकडचे पेन्शनर

ठकूआत्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन मिरजेला ठरलं तेव्हा तिने एकच अट घातली. आधी बापाच्या दगडाला हात लावीन, मग डोळ्याला सुरी लावू देईन. ती बाबांची थोरली बहीण. आजोबा पहिल्या महायुद्धात पलटणीतून बसऱ्याला गेले, परत आले आणि काही वर्षांत वारले. साताऱ्याजवळच्या आमच्या मूळ गावी, ओढ्यापलीकडे, त्यांना पुरलं. बाबांना गिरणीतून रजा मिळेना, म्हणून आत्याला न्यायचं माझ्यावर आलं. घरात शाळा पाहिलेली मी पहिली. "दगडावरचं वाचून दाखीव मला," आत्याने बजावलं होतं. तिथे मोडी लिपी असली तर, या धास्तीने मला दोन दिवस नीट जेवण गेलं नाही.

मे महिना होता. सांगलीहून सकाळच्या पहिल्या एसटीने निघावं, म्हणजे ऊन चढायच्या आत बरीच वाट मागे पडते. आष्ट्याच्या स्टँडवर आत्या गाठोडं घेऊन उभीच होती. तिचं सासर तिकडचंच. डोळ्यांत पांढरं उतरलं होतं, तरी गाडी थांबायच्या आत "कंडक्टर, म्हातारीला घ्या की!" म्हणून ती ओरडली. पेठ नाक्यापर्यंत दुतर्फा ऊस, मग हमरस्ता. शेजारच्या बाईला आत्याने कऱ्हाडच्या आधीच सगळं सांगून टाकलं.

"माजा बाप सुभेदार हुता. घोड्यावर बसायचा. दगडावर घोडा हाय त्येच्या."

"आगं बया! सुभेदाराची लेक व्हय तुमी?" ती बाई सरकून बसली आणि आत्याला खिडकी मिळाली.

उंब्रजला गाडी बराच वेळ थांबते. भजी गरम मिळाली, पण पाणी घरचं न्यावं. तिकिटांचे दर मी लिहीत नाही, कारण ते बदलतात आणि माझ्यावर विसंबून कुणाचा खोळंबा नको.

साताऱ्यात एका नातलगांकडे मुक्काम केला. उन्हं कलल्यावर कॅम्पाकडची गोऱ्यांची जुनी कबरस्तानं पाहिली. संगमरवरी पाट्या, त्यावर पलटणीचं नाव, हुद्दा, वय. मी एकेक वाचत गेले. कॉलऱ्याने गेलेले, तापाने गेलेले, काही तर माझ्याच वयाचे. आत्या पाठीमागून पायांनी पाचोळा बाजूला करत येत होती.

"समद्यांची नावं हायती," ती म्हणाली. "पर दिवा लावाया कोन येत न्हाई वाटतं."

सकाळी मेढ्याची गाडी धरली आणि फाट्यावर उतरलो. तिथून गाव चालत जवळ आहे, पण छत्री हवीच. आजी गेल्यापासून आत्याचं माहेर तुटलं होतं. तिला इथे येऊन बरीच वर्षं झाली होती. वेशीवर तिचा चुलतभाऊ गणूकाका भेटला. त्याने आधी आमच्यासमोर गूळपाणी ठेवलं. ओढ्याचं नाव निघालं तेव्हा मात्र तो टोपी काढून डोकं खाजवायला लागला.

ओढा ओलांडला की थोडा चढ आहे. आमच्या वस्तीतले पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले सगळे तिथे ओळीने आहेत. एकाही दगडावर अक्षर नव्हतं! ना घडवणाऱ्याला लिहिता येत होतं, ना घरच्यांना वाचता. म्हणून पाथरवटाने ज्याचं जे काम, ते दगडावर कोरलं. शिपायाच्या दगडावर बंदूक. गणूकाकाच्या वडिलांच्या दगडावर बिगूल. एकावर नुसती पळी, तो पलटणीचा स्वयंपाकी. मोडीची धास्ती संपली.

आत्या ओळीच्या टोकापर्यंत हात लावत गेली. शेवटच्या जागी खड्डा होता.

"गण्या, माजा बाप कुटं हाय रं?"

"डोहात," गणूकाका म्हणाला.

"म्हंजी?"

"आपुन धम्म घेतला तवा घरोघरचं देव डोहात टाकलं. त्येच्यासंगं ह्यो बी टाकला. म्याच टाकला. लाल भडक दगुड, त्येच्यावर घोडा. आमास्नी खंडोबा वाटला."

"माज्या बापाला खंडोबा म्हनलास? डोळं फुटलं हुतं तुजं?"

"आन् तेल-शेंदूर कोन फासत हुतं गं, ठके? दर दसऱ्याला माहेराला आलीस की वाटी घिऊन तूच पळायचीस न्हवं? तुजं बघून बाकीच्या बाया नवसाला यायला लागल्या. देव तूच केलास त्येचा."

आत्या खड्ड्याच्या कडेला बसली. बापाच्या दगडाला हात लावल्याशिवाय ती मिरजेला येणार नाही, हे मला ठाऊक होतं. आणि ऑपरेशन लांबलं तर उरलेली नजरही जाईल, असं डॉक्टर म्हणाले होते.

नशिबाने उन्हाळा होता. डोह आटून गुडघाभर गाळ उरला होता. गणूकाकाचे दोघे मुलगे पहार आणि दोरखंड घेऊन उतरले. आधी तीन-चार देव निघाले, ते गणूकाकाने पुन्हा आत ढकलले. मग एक उभट दगड निघाला. शेंदराची पुटं पाण्यातही टिकली होती. तो वर नेऊन त्याच खड्ड्यात रोवला.

"पर एक सांगतो, ठके. शेंदूर लावायचा न्हाई. हितं आता कुनी देव न्हाई, समदी मानसं हायती."

मी विटकर आणि ओली वाळू घेऊन दगड घासायला बसले. पुटं निघाली तशी खूर दिसले, पाय दिसले, पाठीवर दोन्ही अंगांनी लटकणाऱ्या पखाली दिसल्या. बसलेला माणूस नव्हताच. मग कान दिसले. घोड्याचे कान एवढे लांब नसतात.

माझा हात थांबला. गणूकाका माझ्याकडे बघत होता, त्यालाही दिसलं होतं. गप्प बसले तर आत्या सुभेदाराची लेक म्हणून मिरजेला जाईल. पण ती मला वाचायला घेऊन आली होती.

"आत्ये," मी म्हटलं, "कान लांब आहेत गं."

तिने हात पुढे केला. बोटं मानेवरून कानांवर गेली, टोकापर्यंत गेली, पुन्हा मुळाशी आली.

"खेचर हाय," ती म्हणाली.

"पाण्याची खेचरं हाकायचा त्यो," गणूकाका हळू आवाजात म्हणाला. "बा सांगायचा माजा. गोळ्या सुटत्यात आन् ह्यो आपला खेचराच्या कानात बोलत चाललाय, मागनं पखाली डचमळत्यात."

आत्या बराच वेळ कान धरून बसली. मग एकाएकी हसली.

"च्यॅक च्यॅक करायचा! मी खांद्यावर असली की च्यॅक च्यॅक करत ओढा उतरायचा. मला वाटायचं, सुभेदार आसंच करत्यात." तिने डोळे पुसले. "शेंदूर फासून फासून म्याच कान बुजवलं गं त्येचं."

गाठोड्यात वाटेसाठी घेतलेले फुटाणे होते. तिने मूठभर काढले आणि खेचराच्या तोंडापुढे ठेवले. गणूकाका हरकत घेईल असं मला वाटलं होतं. त्याने उरलेल्यातले चार तोंडात टाकले आणि एकेक बिगूलवाल्या बापापुढे, पळीवाल्यापुढे ठेवत ओळीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला.

परतीच्या वाटेवर कान दाखवायला नको होते का, हा विचार माझ्या डोक्यातून उंब्रज गेलं तरी जाईना. तिच्याजवळ बापाचं दुसरं होतंच काय? आयुष्यभर सांभाळलेला घोडा मी एका विटकरीने घासून टाकला होता.

कुणाला तिकडे जायचं असेल तर उन्हाळ्यातच जावं. पावसात ओढा उतरू देत नाही. गणूकाकाचं घर कुणीही दाखवेल. जाताना फुटाणे न्यावेत, शेंदूर नेऊ नये.

ऑपरेशन झालं. डोळ्यांवर पट्टी असताना एका दुपारी मी मिरजेला डबा घेऊन गेले. शेजारच्या खाटेवरच्या बाई आपले वडील फौजदार होते, हे सगळ्या वॉर्डाला ऐकवत होत्या.

"आन् तुमचं वडील वो, आजी?"

मी डबा हातात धरून दारातच थांबले.

आत्या उशीला टेकून ताठ बसली. "पल्टनीत खेचरं हाकायचा," ती म्हणाली. "बसऱ्याला. हवालदार, सुभेदार समदी तान्हेली वाट बगत बसायची, माजा बाप कवा येतोय म्हनून."