त्स्वेतानाचा डावा डोळा

बल्गेरियातल्या चिप्रोव्त्सी गावात त्स्वेताना माझ्या शेजारच्या मागावर गालिचे विणायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आणि तिला लाल लोकर तपकिरी दिसायला लागली. तिचा भाचा ओग्न्यान जिल्ह्याच्या गावी डोळ्यांचा डॉक्टर. बहीण ग्रीसला कामाला गेली तेव्हा हिनंच त्याला वाढवलं होतं. अंगणात आम्ही मिरच्या भाजत असताना तो म्हणाला, "मावशी, तुझ्या डोळ्याला माझ्याशिवाय कुणाचा हात लागायचा नाही."

आधी डाव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. भूल फक्त डोळ्यापुरती दिली. खालच्या पापणीपाशी सुई टोचली आणि डोळा दगडासारखा जड झाला. फिरव म्हटलं तरी फिरेना. दिसणंही विझत गेलं. उरला नुसता गुलाबी-निळा उजेड, पाण्याखालून पाहावा तसा. दुखत काहीच नव्हतं. कान मात्र जागे होते, असं तिनं नंतर मला सांगितलं.

"मिलेना, आता ऑपरेशन तू कर," ओग्न्यानचा आवाज आला.

"त्यांना विचारलंय का, सर?" ती शिकाऊ डॉक्टर म्हणाली.

"माझी मावशीच आहे. तिला काय कळतंय?"

हललीस तर डोळा जाईल, असं त्यानंच बजावलं होतं. चादरीखाली मुठी आवळून ती निपचित पडून राहिली.

दुपारी त्यानं पट्टी उचलली. मी बाजूलाच होते.

"दोन-दोन दिसतोयस," ती म्हणाली.

"भूल उतरायचीय अजून. संध्याकाळपर्यंत ठीक होईल. बघ, माझा हात किती हलका."

"तूच केलंस?"

"मग दुसरं कोण करणार, मावशी?"

बसनं आम्ही परतलो. घरी चुलीपाशी बसल्यावर ती म्हणाली, "विचारलं असतं तर हो म्हटलं असतं गं. शिकायला कुणाचा तरी डोळा लागतोच. पण तोंडावर खोटं बोलला."

डोळा चांगला झाला. लाल लोकर लाल दिसली. हिवाळा सरल्यावर उजव्या डोळ्याची पाळी आली, तेव्हा तिनं ओग्न्यानच्या देखतच नाव नोंदवणाऱ्या बाईला सांगितलं, "मिलेना डॉक्टरांकडे नाव लावा."

तो कानापर्यंत लाल झाला. "मावशी, लोकांसमोर कशाला?"

"मला विचारायला हवं, हे त्यांना सुचलं होतं. मी ऐकलंय सगळं."

ईस्टरला तो रंगवलेली अंडी घेऊन आला. तिनं त्याला चांगल्या खोलीत बसवलं, पाहुण्यांच्या कपात कॉफी दिली आणि विचारलं, "साखर किती घालू, डॉक्टर? तुम्ही घेता ना?"