सरकारले कर्ज देते कोन

निकाल लागून आठवडा उलटला तरी मुख्यमंत्री कोण ते ठरत नव्हतं, आणि आमच्या घरातला टीव्ही बंद होत नव्हता. बाबा सकाळच्या चहालाच तो लावायचे. खाणीतून निवृत्त झाल्यापासून त्यांना दम लागतो, जास्त बोललं की खोकला येतो; पण त्या दिवसांत ते टीव्हीशीही वाद घालत. नवं सरकार आलं की सगळ्यात आधी हे फुकटचं वाटप बंद केलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. बायकांच्या खात्यात दर महिन्याला पैसे टाकायचे, त्यासाठी कर्ज काढायचं, मग ते फेडणार कोण? आई हे सगळं भाजी चिरता चिरता ऐकायची. तिच्या खात्यातही ते पैसे येत होते. अशा वेळी विळीचा आवाज थोडा वाढायचा.

मी चंद्रपूरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवते. जेवढे तास घेईन तेवढेच पैसे, आणि उन्हाळ्यात तेही नाहीत. कायम भरतीची फाइल वित्त विभागाच्या मंजुरीसाठी थांबली आहे, असं आम्ही दर वर्षी ऐकतो. पस्तिशी ओलांडली तरी ऐकतेच आहे. वर्गात राजकोषीय तूट शिकवताना फळ्यावर आकृती काढायची आणि मनात यायचं, माझी जागा या आकृतीतच कुठेतरी अडकली आहे. त्यामुळे सरकार कोणाचं, हा माझ्यासाठी चहाच्या टपरीवरचा विषय नव्हता. मोबाइल हातातून सुटत नव्हता. तास सुरू असतानाही टेबलाखाली बातम्या बघायचे, आणि मग विद्यार्थ्यांना मोबाइल आत ठेवा म्हणताना आवाज नीट निघायचा नाही.

आमच्या घुग्घुसहून निघणारी सकाळची बस कधी येई, कधी भरूनच पुढे जाई. कोळशाच्या ट्रकांमागे ती अडकली की माझा पहिला तास गेलाच, आणि तास गेला की त्याचे पैसेही गेले. म्हणून दिवाळीच्या आधी मी एक जुनी चारचाकी हप्त्यावर घेतली होती. गाडी पांढरी होती, पण आमच्या गावात पांढरं काही फार दिवस पांढरं राहत नाही.

आमच्या मोहल्ल्यात रविवारी विहारात वंदना झाली की लोक लगेच उठत नाहीत. सतरंजीवर बसून बोलतात. त्या रविवारी शेजारच्या काकांनी मला अडवलं. काका सिमेंट कारखान्यात फिटर होते, बाबांचे जुने दोस्त आणि त्यांचे कायमचे विरोधक. ते म्हणाले, रोज टीव्हीवर ऐकतो राज्य कर्जात बुडालं, पण समजत काही नाही. तू शिकवते ना, मग आज आम्हाला शिकव. मी नको नको म्हटलं. वर्गातली मुलं परीक्षेपुरतं ऐकतात, पण इथे समोर सगळे मला लहानपणापासून ओळखणारे होते, आणि पुरुषांच्या पहिल्या रांगेत बाबा बसलेले.

मी सुरुवात केली ती पुस्तकातल्यासारखीच. महसूल, खर्च, तूट. लोक गप्प होते, पण ते समजलेले गप्प नव्हते. मग भाजी विकणाऱ्या एका बाईंनी मागून विचारलं, "ते सारं ठीक आहे. पन सरकारले कर्ज देते कोन?"

मला हायसं वाटलं, कारण याचं उत्तर साधं होतं. मी सांगितलं, सरकार रोखे काढतं. ते घेतात बँका, विमा कंपन्या, पीएफ सांभाळणारे. तुम्ही बँकेत ठेव ठेवता, विम्याचा हप्ता भरता, पगारातून पीएफ कापला जातो, त्यातलाच काही पैसा फिरून सरकारकडे कर्ज म्हणून जातो.

"म्हनजे आमचाच पैसा," काका म्हणाले. ते खूश झालेले दिसले. तेवढ्यात बाबा उठून उभे राहिले. आपलाच पैसा असेल तर जपून वापरायला नको का, असं त्यांनी विचारलं. जन्मभर जमिनीखाली काम करून कापून घेतलेला पैसा सरकार वाटून टाकत असेल तर आपण टाळ्या वाजवायच्या का? मी मध्ये पडून म्हटलं, राज्य असं एका दिवसात बुडत नाही. पण व्याज टाळता येत नाही, मग पगार आणि पेन्शन, आणि उरेल त्यात रस्ते, शाळा, दवाखाने आणि नवी भरती. भरती हा शब्द मी घाईने उरकला. कोणाच्या लक्षात आलं नसावं.

त्यानंतर वाद माझ्या हातात राहिला नाही. काका म्हणत होते, कारखानदारांना करात सूट मिळते, जमीन स्वस्तात मिळते, त्याला कोणी फुकट म्हणत नाही. बायकांना थोडं मिळालं की सगळ्यांना राज्याची काळजी वाटते. बाबा म्हणत होते, गरजवंताला द्या, पण घरात सगळं असून हात पसरणाऱ्यांना कशाला? बोलता बोलता त्यांना खोकला आला. तेवढ्या वेळात कोणीतरी हसून म्हणालं, वहिनी नाही घेत का? हशा पिकला. मी बायकांच्या बाजूला बघितलं तर आई उभी राहिली होती.

आई विहारात कधी बोललेली मला आठवत नाही. वंदनेतही तिचा आवाज वेगळा ऐकू येत नाही. तिने पांढऱ्या साडीचा पदर खांद्यावर घट्ट धरला होता आणि ती बाबांकडे न बघता समोरच्या भिंतीकडे बघत होती.

"मले जास्त समजत नाई," ती म्हणाली. "माही बहीन आलापल्लीच्या पुढं राह्यते. बिमार असते. आंधी तिच्याकडं जायाचं म्हटलं का याईले पुसा लागे. हे कधी नाई म्हनले नाईत. पन पुसा लागे. आता पुसत नाई. जातो."

एवढं बोलून ती खाली बसली. काकांनी पंख्याकडे बघून, बंद करा, थंडी वाजते, असं काहीतरी म्हटलं आणि लोक उठले. बाबा घरी आमच्या पुढे पुढे चालत गेले. जेवताना त्यांनी मीठ मागितलं, तेही माझ्याकडे.

मला वाटलं होतं दोघांत भांडण होईल. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. बाबा टीव्ही बघत, पण टीव्हीशी बोलत नव्हते. शपथविधी झाला त्या दिवशी त्यांनी आवाज एकदम बंद ठेवून तो बघितला. आई दारात कोथिंबीर निवडत बसली होती. मी या खोलीतून त्या खोलीत जात राहिले. घरात काहीतरी राहून गेलंय असं सारखं वाटे, आणि नेमकं काय ते सापडत नव्हतं.

नवं सरकार बसलं आणि थोड्याच दिवसांत पडताळणी सुरू झाली. ज्यांच्या घरी चारचाकी आहे त्या बायकांना पैसे मिळणार नाहीत, हा नियम आधीपासून होता, आता तो तपासायला लागले. काम आलं अंगणवाडीच्या ताईंकडे. त्या आमच्याच गल्लीतल्या. दुपारी आल्या तेव्हा बाबा उन्हात खुर्ची टाकून बसले होते आणि गाडी फाटकासमोर उभी होती.

ताईंना आमच्यापेक्षा जास्त अवघडल्यासारखं झालं होतं. त्यांनी गाडीकडे बघितलं, मग बाबांकडे. "भाऊ, हे गाडी घरचीच आहे का पाहुन्याची?" त्यांनी हळूच विचारलं, आणि पाहुण्याची या शब्दावर थोडा वेळ थांबल्या.

मी दारात उभी होते. कॉलेजातल्या मैत्रिणीची आहे, असं म्हणणं अवघड नव्हतं. शब्द तोंडात तयार होते. बाबांनीही तोंड उघडलं. ते काय म्हणणार होते ते मला अजून माहीत नाही, कारण त्यांना खोकला आला. तेवढ्यात आई हात पुसत बाहेर आली.

"आमच्या पोरीची आहे," ती म्हणाली.

"हप्त्यावर आहे ना, काकू? तसं सांगून पाहता येते."

"हप्त्यावर आहे. पन पोरीचीच आहे. बस, चहा ठेवतो."

ताई चहा पिऊन गेल्या. पुढच्या महिन्यात गल्लीतल्या बायकांच्या फोनवर बँकेचे मेसेज आले, आईच्या फोनवर आला नाही. तिने एकदा फोन उघडून बघितला आणि चार्जिंगला लावला. तिच्या चेहऱ्यावरून काही समजलं नाही.

अस्वस्थ झाले ते बाबा. दोन-तीन सकाळी ते उगाच काकांच्या घराकडे जाऊन आले. मग एक दिवस इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या गाडीत येऊन बसले. मला चंद्रपूरला त्या योजनेच्या ऑफिसात घेऊन चल, म्हणाले. वाटभर ते मनात काहीतरी जुळवत होते, ओठ हलत होते. ऑफिसात तरुण कारकुनासमोर त्यांनी ते सगळं म्हणून दाखवलं. ही गाडी श्रीमंती नाही. बस वेळेवर येत नाही म्हणून घेतलेली आहे. सरकारने बस नीट चालवली असती तर पोरीने गाडी घेतली नसती, आणि गाडी नसती तर तिच्या आईचे पैसे थांबले नसते. मग चूक कोणाची?

कारकुनाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तो म्हणाला, काका, तुमच्यासारखे रोज येतात. हे सगळं वरून होतं, माझ्या हातात काही नाही. तो उद्धट नव्हता. उलट त्याने बाबांना पाणी दिलं, म्हणून बाबांना रागावताही आलं नाही.

जिना उतरताना मी न राहवून म्हटलं, तुम्हीच तर म्हणत होता, बंद करा.

बाबा मधल्या पायरीवर दम खायला थांबले होते. "वाटप बंद करा म्हनत होतो," ते म्हणाले. "तिचे बंद करा नाई म्हनलो."

मला हसू आलं नाही. गाडी माझी होती. कोणीही मला बोल लावला नव्हता, आणि तेच जास्त टोचत होतं. पगार झाला त्या दिवशी मी आईला तेवढेच पैसे द्यायला गेले. तिने ते माझ्या पर्समध्ये परत ठेवले.

"तू देशीन तर तुले सांगा लागन, कुठी चाल्लो ते," ती म्हणाली.

अर्थसंकल्प आला. मी भाषण सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलं. पूल, महामार्ग, कुंभमेळा, मेट्रो. भरतीबद्दल काही बोलले का, असं बाबांनी विचारलं. ऐकू आलं नाही, मी म्हटलं. बायकांच्या पैशांत वाढ होणार होती त्याचं काय, असं काकांनी खिडकीतून विचारलं. तेही ऐकू आलं नव्हतं. म्हणजे दोघंही हरलो, असं म्हणून काका निघून गेले, आणि बाबांनी बऱ्याच दिवसांनी टीव्ही दुपारीच बंद केला.

त्याच महिन्यात मावशीला ताप आल्याचा निरोप आला. आई बसने निघाली होती, पण मी तिला गाडीत बसवलं, आणि बाबा न विचारता मागच्या सीटवर येऊन बसले. आष्टीच्या पुढे लोहखनिजाच्या ट्रकांची रांग लागली. रस्ता एका बाजूने नवा होता, दुसऱ्या बाजूने उखडलेला. सागाची पानं धुळीने लाल झाली होती. हा रस्ता कोणाच्या पैशाने होतो आणि कोणासाठी, यावर बाबा मागून बोलत राहिले. आई म्हणाली, तुम्ही बोलू नका, खोकला येतो. कितीतरी दिवसांनी ती त्यांच्याशी थेट बोलली होती.

मावशीचे यजमान वनमजूर होते. ते वारल्यावरही ती त्याच गावात राहिली, आलापल्लीहून हेमलकशाच्या वाटेवर. आम्ही पोचलो तेव्हा तिचा ताप उतरला होता आणि ती अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. गाडी बघून शेजारची एक गोंड बाई मुलाला कडेवर घेऊन आली. जोहार म्हणून उभी राहिली. मी शिकवते हे मावशीकडून समजल्यावर तिने विचारलं, गावातली शाळा बंद होणार हे खरं का? पोरं कमी आहेत, खर्च परवडत नाही, असं कोणी साहेब बोलून गेले होते. दुसरी शाळा नाल्याच्या पलीकडे, पावसाळ्यात तिथे जाता येत नाही.

ती माझ्याकडे बघत होती. तूट, व्याज, प्राधान्यक्रम, मला सगळं माहीत होतं, आणि तिला सांगण्यासारखं त्यातलं काहीच नव्हतं. मला माहीत नाही, मी म्हटलं.

बाबा खाटेवर बसले होते. ते तिला म्हणाले, गावाने ठराव करावा, शाळा बंद होऊ द्यायची नाही; पोरं दोन असली तरी शाळा चाललीच पाहिजे. सरकार पैसा नाही म्हणेल, मावशी म्हणाली. "पैसा आपलाच आहे," बाबा म्हणाले, आणि पोरं किती, मास्तर किती, नाल्याला पाणी केव्हा येतं, ते त्या बाईला विचारत बसले. ती सांगत होती, मध्येच गोंडी शब्द येत होता, मावशी त्याचा अर्थ सांगत होती.

ऊन कलल्यावर निघायचं ठरलं. आई गाडीकडे आली नाही. ती मावशीजवळ बसून मोहफुलातला काडीकचरा वेचत होती. "मी राह्यतो इथी," तिने तिथूनच सांगितलं. बाबांनी मान हलवली आणि पुढच्या सीटवर येऊन बसले.

परतताना आम्ही पुन्हा ट्रकांमागे अडकलो. काचा बंद केल्या तरी धूळ आत येत होती. बाबा रुमालाने समोरची काच आतून पुसत होते. मग त्यांनी विचारलं, एक शाळा चालवायला वर्षाला किती लागत असेल? मला आकडा माहीत नव्हता. माहीत करून घे, ते म्हणाले. समोरचा ट्रक थोडा सरकला, मी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली, आणि तो पुन्हा थांबला.