न तुटणारी पहार

कोगनोळीच्या शाळेत मास्तर म्हणून लागून मला जेमतेम वर्ष झालं होतं. बाजारादिवशी मी निपाणीला गेलतो. तिथं एक विक्रेता काळीभोर पहार डोक्यावर धरून ओरडत होता, “अजिंक्य पोलाद! कशानं तुटणार न्हाय! तोडणाऱ्याला ही पहार फुकट!”

माझे कानच टवकारले. जगात कधीच न तुटणारं काही असतं का? आदल्याच आठवड्यात एका पोरानं वर्गात हेच विचारलं होतं आणि मी गडबडलो होतो.

दोन पैलवानांनी दगडावर पहार ठेवून घण घातले. ठिणग्या उडाल्या, पण पहारीला साधा पोचाही आला नाही. लोक टाळ्या पिटू लागले.

पलीकडेच एका लोहारणीचा भाता चालू होता. नवरा विळे घडवायचा, घण ती मारायची. हात पुसत ती पुढं आली.

“कशानं मंजी कशानंबी न्हाय?”

“व्हय आक्का, कशानंबी!”

“मग आण हिकडं.”

तिनं पहारीचा मधला भाग भट्टीत सारला. नवरा भाता ओढत राहिला. लोखंड लाल झालं, मग केशरी. गर्दी इतकी पुढं सरकली की माझी टोपी पडली, तरी मी वाकलो नाही. तिनं पहार ओढली आणि थेट पाण्याच्या डोणीत बुडवली. चर्रर्र! वाफेत तिचा चेहरा दिसेनासा झाला.

पहार गार झाल्यावर तिनं ती दोन दगडांवर आडवी टाकली, पदर खोचला आणि घण उचलला. एकच घाव!

टण्णदिशी पहारीचे दोन तुकडे झाले. मी चक्क उडी मारली. मास्तर असल्याचं भानच राहिलं नाही.

विक्रेता चिडला. “ही फसवणूक हाय!”

“आग चालणार न्हाय, असं तू म्हणलाच न्हाईस की रं,” ती म्हणाली. “लई कडक केलं की काचेवानी हुतंय.”

तुटलेल्या जागी रव्यासारखे चकचकीत कण दिसत होते. मी अधाशासारखा विचारत सुटलो, “आक्का, मग कशानंच न मोडणारं काय हाय?”

“आमच्या भट्टीत तरी अजून आलं न्हाय, गुरुजी. आन् आलं तर त्याचा इळा कसा करायचा?”

विक्रेत्यालाही हसू फुटलं. त्यानं शब्द पाळला, दोन्ही तुकडे तिलाच दिले. तिनं एका तुकड्याचं तुटल्या बाजूचं टोक तोडून माझ्या हातावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ते वर्गात फिरवलं. त्यानंतरच्या दिवशी पोरांनी घरातून अडकित्ता, गोट्या, जात्याचा खुंटा, जे मिळेल ते आणलं. मागच्या आवारात आमची ठोकाठोक सुरू झाली. आवाज ऐकून हेडमास्तर तरातरा आले. आता नोकरी गेली, असं मी धरूनच चाललो.

त्यांनी सगळा पसारा पाहिला, कोटाच्या खिशातून एक गंजकं कुलूप काढलं आणि हळूच म्हणाले, “किल्ली हरवून सा महिनं झालं. ह्याचं बघा की, गुरुजी!”